चार ब्रुअऱ्यांची एक बिअर: तिला स्टाइल कधी म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ओकच्या लाकडाची धुरी दिलेलं गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), त्यात थोडं साधं बार्ली माल्ट, केटलमध्येच, म्हणजे उकळायच्या भांड्यातच, लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी आणलेला आंबटपणा, साडेचार टक्के अल्कोहोल आणि शेवटी भरपूर ड्राय हॉपिंग, म्हणजे हॉप्सची फुलं न उकळता, मुख्यतः वासासाठी घालणं. अशी बिअर आम्ही आणि ओळखीतल्या आणखी तीन ब्रुअऱ्या गेली दोन वर्षं करतो आहोत. बोर्डावर 'स्मोक्ड सावर आयपीए' असं लिहितो (आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्सनी भरलेली कडवट बिअर). ही नवी स्टाइल म्हणून मान्य करून घ्यायची असेल तर कुणाकडे जायचं, आणि नाव हेच ठेवावं का?

तुमची कृती वाचून आधी ती बिअर प्यावीशी वाटली. धूर, आंबटपणा आणि हॉप्स या तिघांना एका ग्लासात नांदवणं सोपं नाही. दोन वर्षं चौघं ती करत आहात म्हणजे लोक ती पुन्हा मागत असणार, आणि माझ्या लेखी ही सर्वांत चांगली बातमी आहे.

मान्यतेचं आधी सांगून टाकतो. बिअरच्या स्टाइलवर शिक्का मारून देणारी कचेरी जगात कुठेही नाही. आपण ज्यांना 'अधिकृत' म्हणतो ते मुख्यतः दोन दस्तऐवज आहेत. एक बीजेसीपीचा, म्हणजे १९८५ साली सुरू झालेल्या बिअर परीक्षकांच्या संस्थेचा. तो काही वर्षांनी एकदा बदलतो आणि अलीकडच्या मोठ्या आवृत्त्या २०१५ आणि २०२१ च्या आहेत. दुसरा अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनचा. त्याची सुरुवात १९७९ साली चार्ली पपेझियन यांनी केली आणि तो दरवर्षी सुधारला जातो. दोन्ही दस्तऐवज स्पर्धांसाठी आहेत. कोणती बिअर कोणत्या बिअरशेजारी ठेवून तपासायची, एवढं ठरवण्यासाठी ते लिहिले गेले. तुम्ही त्यांना पत्र पाठवू शकता, पुरावे देऊ शकता, आणि ते वाचलंही जातं. पण टॅपवर आणि ग्लासात जे आधीच ठरून गेलेलं असतं त्याचीच ते नोंद घेतात, आणि तीही उशिराने.

किती उशिराने, ते हेझी, म्हणजे गढूळ, आयपीएवरून कळतं. व्हर्मांटमधल्या वॉटरबरी गावात जॉन किमिच यांनी 'द अल्केमिस्ट' या आपल्या ब्रूपबमध्ये हेडी टॉपर पहिल्यांदा केली २००४ साली. २०११ मध्ये ती कॅनमध्ये भरायला लागले आणि तिचं नाव दूरवर गेलं. मग आसपासच्या आणि पुढे कुठकुठल्या ब्रुअऱ्यांनी तो गढूळपणा, तो फळांचा वास, ती मऊ चव आपापल्या परीने गाठली. ब्रुअर्स असोसिएशनने 'ज्यूसी ऑर हेझी' असा वर्ग केला तो २०१८ मध्ये. त्याच वर्षी त्यांच्या मोठ्या स्पर्धेत या आयपीएच्या वर्गात ३९१ बिअर आल्या, सगळ्या वर्गांत सर्वाधिक. म्हणजे दार उघडलं तेव्हा बाहेर केवढी गर्दी खोळंबली होती बघा. बीजेसीपीने २०१८ मध्ये तिला तात्पुरती जागा दिली आणि २०२१ मध्ये 'हेझी आयपीए' म्हणून कायमची. पहिल्या ग्लासापासून चौदा-सतरा वर्षं.

त्या मधल्या काळातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही तीन परीक्षक अमेरिकन आयपीएच्या टेबलावर बसलो होतो. सातवा की आठवा ग्लास आला तो असा गढूळ, की पलीकडे धरलेली पेन्सिलसुद्धा दिसेना. वास पिकलेल्या आंब्याचा, पीचचा. घोट घेतला तर कडवटपणा जवळजवळ नाहीच, जिभेवर साय फिरावी तशी मऊ. आमच्या हातातल्या गुणपत्रिकेत पन्नासपैकी वासाला १२, रूपाला ३, चवीला २० असे गुण असतात. रूपाला आम्ही तिघांनीही एक-एक दिला, कारण कागदावर लिहिलं होतं की ही बिअर स्वच्छ हवी. कडवटपणा कमी म्हणून चवीतले गुण कापले. एकूण बेरीज मधल्याच कुठल्यातरी आकड्यावर आली आणि बिअर पुढच्या फेरीत गेली नाही. परीक्षक सहसा ग्लास संपवत नाहीत, दोन-चार घोट घेतात आणि बाजूला सारतात. त्या दिवशी टेबल आवरताना बघितलं, तर तेवढे तीनच ग्लास तळापर्यंत रिकामे होते.

आम्ही नियमाप्रमाणे गुण दिले होते आणि तरीही त्या बिअरवर अन्याय झाला होता. तिला मोजायची पट्टीच अस्तित्वात नव्हती. स्टाइलची गरज नेमकी इथे लागते: करणाऱ्याने जे ठरवून केलं, ते चूक म्हणून वाचलं जाऊ नये. तुमची बिअर आज एखाद्या स्पर्धेत धुरी दिलेल्या बिअरच्या वर्गात गेली, तर कुणीतरी तिच्या आंबटपणाला जंतुसंसर्ग समजेल. आंबट बिअरमध्ये गेली तर धुराला जळका वास म्हणतील. त्यामुळे तुमची धडपड मला पटते.

आता कटू वाटेल अशी गोष्ट. तुमच्या बिअरचा बराचसा भाग नवा नाही.

धुरकट, आंबट, गहू वापरलेली, हलकी बिअर जर्मनीत थुरिंगियामध्ये येनाजवळच्या लिख्टेनहाइन गावाच्या नावाने ओळखली जायची: लिख्टेनहाइनर. धुरी दिलेलं बार्ली माल्ट, तिसरा हिस्सा ते निम्मा गहू, लॅक्टोबॅसिलसचा लिंबासारखा आंबटपणा, कडवटपणा नावापुरता, अल्कोहोल साडेतीन ते पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. दुसरीकडे पोलंडमधल्या ग्रोजिस्कची ग्रोजिस्किए: शंभर टक्के गहू, तोही ओकच्या धुराचा, पण आंबट अजिबात नाही, हॉप्सचा कडवटपणा बऱ्यापैकी, आणि अल्कोहोल जेमतेम तीन टक्के. ग्रोजिस्कमधली ब्रुअरी १९९३ मध्ये बंद झाली, तरी पुढे हौशी ब्रुअर्सनी आणि छोट्या ब्रुअऱ्यांनी ती बिअर पुन्हा उभी केली. बीजेसीपीच्या ऐतिहासिक बिअरच्या यादीत दोघीही आहेत. तुम्ही माल्ट घेतलं आहे ग्रोजिस्कचं आणि आंबटपणा लिख्टेनहाइनचा. तुमच्यापैकी कुणी हे ठरवून केलं असेल असं प्रश्नावरून वाटत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. त्याच सामग्रीशी झटणारी माणसं त्याच जागी येऊन पोचतात. पण 'नवी स्टाइल' म्हणून पत्र पाठवाल तर वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारेल. तेव्हा आधी शोध घ्या, मग दावा करा.

मग नवं काय उरलं? ड्राय हॉपिंग. तेवढ्याने स्टाइल वेगळी होते का? होऊ शकते, आणि त्याचं फार सुंदर उदाहरण आहे. इटलीत बिरिफिचिओ इतालियानोचे अगोस्तिनो आरिओली यांनी १९९६ मध्ये टिपोपिल्स केली. पिल्सनर जर्मन वळणाची, हॉप्सही युरोपीय घराण्यातले; फक्त लागरला, म्हणजे पिल्सनरसारख्या थंडाव्यात आंबवलेल्या बिअरला, त्यांनी ड्राय हॉप केलं, जे तेव्हा त्या घराण्यात कुणी करत नव्हतं. आज जिला लोक 'इटालियन पिल्सनर' म्हणतात ती हीच. पण टिपोपिल्सच्या पहिल्या पिंपापाशी ही स्टाइल जन्मली असं मी मानत नाही. कॅलिफोर्नियात फायरस्टोन वॉकरच्या मॅट ब्रिनिल्डसन यांनी तिच्यावरून प्रेरणा घेऊन पिव्हो पिल्स केली, पुढे आणखी अनेकांनी आपापली केली, आणि या सगळ्या बिअर शेजारी ठेवल्यावर एकाच घरातल्या वाटल्या, तेव्हा ती जन्मली. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या पाण्याच्या, दुसऱ्या स्वभावाच्या ब्रुअरच्या हातूनही ती ओळखू येण्यासारखीच उतरली. माझी कसोटी एवढीच आहे: ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, त्याने नुसतं वर्णन वाचून ती बिअर करावी, आणि ज्याला नाव सांगितलेलं नाही, त्याने ती ग्लासातून ओळखावी.

तुमच्या चार ब्रुअऱ्या एकमेकांच्या ओळखीच्या आहेत. यीस्टही बहुधा एकमेकांकडून नेत असाल, फोनवर तापमान विचारत असाल. ही मैत्री मोलाची आहे, पण पुरावा म्हणून चार ब्रुअऱ्या एकच धरल्या जातील.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण पुढच्या पत्रात हा मुद्दा येईल असं वाटतं. घटक किंवा तंत्र म्हणजे स्टाइल नव्हे. नॉर्वेतल्या शेतघरांमधलं क्वाइक यीस्ट तीस-चाळीस अंशांवरही स्वच्छ आंबवतं, संत्र्याचा वास देतं, आणि ते आलं तेव्हा 'क्वाइक बिअर' नावाची स्टाइल असल्यासारखं लोक बोलू लागले. पण क्वाइकने काळी स्टाउटही होते आणि आयपीएही. तसंच केटल सावरिंगचं. वॉर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या न आंबवलेल्या गोड रसात, जिवाणू सोडून एक-दोन दिवस ऊब द्यायची, हवा तेवढा आंबटपणा आला की उकळून जिवाणू मारायचे, मग हॉप्स आणि यीस्ट. ही रीत झाली. पिणाऱ्याला रीत दिसत नाही, त्याला ग्लास दिसतो.

नावाकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. 'आयपीए' काढून टाका.

हा शब्द विकतो, हे मला माहीत आहे. म्हणून तर तो सगळ्यांच्या शेपटीला लागला आहे. पण बोर्डावर आयपीए वाचून ग्लास मागवणारा माणूस हॉप्सच्या वासाबरोबर कडवटपणाचीही अपेक्षा करतो. तुमच्या बिअरमध्ये आंबटपणाशी भांडू नये म्हणून तुम्ही कडवटपणा मुद्दाम खाली ठेवला असणार, दहा आयबीयूच्या (कडवटपणा मोजायच्या एककाच्या) आसपास. लिख्टेनहाइनरच्या पट्ट्यातलीच ती जागा आहे. अमेरिकन आयपीएचा पट्टा ४० ते ७० आहे. हेझी आयपीएसुद्धा २५ च्या खाली उतरत नाही. बाजारात 'सावर आयपीए' नावाच्या बिअर आहेत, हे खरं. त्यांच्या नावाबद्दलही माझं मत हेच आहे. गिऱ्हाइकाने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं तर त्यात त्याची चूक नाही. नावाने त्याला एक कबूल केलं आणि ग्लासाने दुसरंच दिलं.

ब्लॅक आयपीएच्या वेळी हे सगळं एकदा होऊन गेलं आहे. व्हर्मांटमध्येच ग्रेग नूनन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काळी, पण आयपीएसारखी हॉप्सनी भरलेली बिअर केली. पुढे ती पसरली तेव्हा वाद पेटला: नावात 'पेल' आहे, मग काळी पेल एल कशी? अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ब्रुअर्सनी 'कॅस्केडियन डार्क एल' हे नाव लावून धरलं. ब्रुअर्स असोसिएशनने २०१० मध्ये 'अमेरिकन-स्टाइल इंडिया ब्लॅक एल' अशी तडजोड केली, नंतर त्यातलं 'इंडिया'ही गेलं. बीजेसीपीने २०१५ मध्ये सरळ 'ब्लॅक आयपीए' लिहिलं. तर्काने हे नाव सगळ्यांत कच्चं, पण टिकलं तेच. कारण ते ऐकून ग्लासात काय येणार हे माणसाला अचूक कळतं: आयपीएचा वास आणि कडवटपणा, रंग काळा. शब्दाची व्युत्पत्ती पिणारा तपासत नाही. तुमच्या नावात नेमकं उलटं झालं आहे. व्युत्पत्तीच्या अंगाने त्यात वावगं काही नाही, पण ऐकून होणारी कल्पना चुकीची.

मूळ इंडिया पेल एलचंही असंच. लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजांतून हिंदुस्थानात येत होती. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द छापील सापडतात ते १८२९ च्या सिडनीतल्या एका वर्तमानपत्राच्या जाहिरातीत. बिअर आधी, नाव कितीतरी नंतर, आणि तेही ब्रुअरने बारसं करून ठेवलेलं नव्हे. विकणाऱ्यांच्या आणि पिणाऱ्यांच्या तोंडी रुळलेलं.

नाव स्वतःच्या मालकीचं करण्याचा मोह झाला तर तो आवरा. 'स्टीम बिअर' हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या बिअरचं जुनं नाव. अँकर ब्रुअरीने १९८१ मध्ये ते ट्रेडमार्क केलं. एक मरू घातलेली बिअर अँकरनेच जगवली होती, त्यामुळे त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण परिणाम काय झाला? इतर कुणाला ते नाव वापरता येईना, आणि स्टाइलला 'कॅलिफोर्निया कॉमन' असं नवं नाव शोधावं लागलं. नाव राखलं की त्याच्याभोवती बाकीचे जमत नाहीत, आणि बाकीचे जमल्याशिवाय स्टाइल होत नाही.

गावाच्या नावाचे दोन्ही रंग पाहायला मिळतात. कोलोनच्या ब्रुअऱ्यांनी १९८६ मध्ये आपसात करार केला आणि १९९७ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही मिळालं. त्यामुळे तिथे कोल्श हे कोलोनच्या बिअरचं नाव त्या परिसरातल्या ब्रुअऱ्यांपुरतं राहिलं. पिल्सनमध्ये १८४२ साली योझेफ ग्रोल यांनी केलेल्या सोनेरी लागरचं नाव मात्र हातातून निसटून जगभर गेलं. इतकं, की शेवटी मूळ ब्रुअरीला १८९८ मध्ये 'उर्केल', म्हणजे मूळ झरा, असं वेगळं नाव नोंदवावं लागलं. एकाने दार लावून घेतलं, दुसऱ्याचं दार कुणी लावलंच नाही. अलीकडचं एक नाव मला या दोन्हींपेक्षा आवडतं: कॅथरिना सावर. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातल्या ब्रुअर्सनी ताजी फळं घालून केलेली हलकी आंबट बिअर. पहिला शब्द कुठली ते सांगतो, दुसरा कशी ते. २०१८ मध्ये बीजेसीपीने ती तात्पुरत्या यादीत घेतली आणि २०२१ च्या आवृत्तीत ती स्थानिक स्टाइल्सच्या परिशिष्टात आहे. स्थानिक यादीत जाणं म्हणजे कमी प्रतीची मान्यता असं समजू नका. तुमच्यासाठी दार असेल तर ते तिथेच आहे.

आणि मान्यता मिळाली म्हणजे बिअर जगली असंही धरू नका. ब्रूट आयपीए आठवते? सॅन फ्रान्सिस्कोत किम स्टर्डव्हंट यांनी २०१७ च्या सुमारास एन्झाइम वापरून साखर पार संपवलेली, शॅम्पेनसारखी कोरडी आयपीए केली. नाव नेमकं, वर्णन धारदार, कृती कुणालाही जमेल अशी. वर्षभरात जिकडे तिकडे ती दिसू लागली आणि तितक्याच वेगाने टॅपवरून उतरलीही. बीजेसीपीच्या २०२१ च्या आवृत्तीत तिचं वर्णन छापून आलं, तोवर ती करणारे फारच थोडे उरले होते. माझ्या मते ती बिअर चांगली होती, पण दुसरा ग्लास मागावा अशी नव्हती. तुमच्या बिअरबद्दल मला हा एकच प्रश्न खरा काळजीचा वाटतो. धूर पहिल्या ग्लासात मजा देतो, दुसऱ्यात साचतो. तो किती ठेवायचा, यावर तुमचं सगळं अवलंबून आहे.

म्हणून पुढचं काम टेबलावरचं आहे. चारही ब्रुअऱ्यांच्या बिअर एकाच वयाच्या घ्या, ड्राय हॉपिंगनंतर तीन-चार आठवड्यांच्या आत. त्यांत एक साधी लिख्टेनहाइनर आणि एक ड्राय हॉप्ड बर्लिनर वाइसं (बर्लिनची गव्हाची आंबट बिअर) मिसळा. सगळ्या सात-आठ अंशांवर, सारख्या ग्लासांत, नुसते आकडे लावून. चाखायला अशी आठ-दहा माणसं बसवा ज्यांनी तुमची बिअर कधी प्यायलेली नाही, आणि त्यांना एवढंच सांगा: एकसारख्या वाटणाऱ्या एकत्र करा. तुमच्या चार एका बाजूला आणि त्या दोन दुसऱ्या बाजूला गेल्या तर हाताशी काहीतरी आहे. साधी लिख्टेनहाइनर तुमच्या चारांत मिसळली तर हॉप्सने फारसा फरक पडलेला नाही. आणि तुमच्याच चार जणी चार दिशांना पांगल्या, तर आधी आपसात बसून ठरवा की तुम्ही करताय काय. चौघांचे पीएच मोजा. एकाचा ३.२ आणि दुसऱ्याचा ३.७ असेल तर जिभेला त्या दोन वेगळ्या बिअर आहेत, कृती कितीही जुळो.

हॉप्सबद्दल माझा अनुभव सांगतो, पटला तर घ्या. ओकचा धूर बीचच्या धुराहून सौम्य असतो, तरी आंबा-पॅशनफ्रूटच्या वासाचे हॉप्स त्याच्यावर टाकले की मला गोड फळाशेजारी खारवलेलं मांस ठेवल्यासारखा वास येतो. लिंबाच्या सालीकडे, गवताकडे, मसाल्याकडे झुकणारे हॉप्स त्या धुराशी आणि आंबटपणाशी चटकन जुळतात. चौघांनी वेगवेगळ्या घराण्यांचे हॉप्स घातले असतील, तर पांगापांग तिथूनच सुरू होईल.

मग वर्णन लिहा. वासापासून सुरू करा, मग रूप, चव, तोंडातला भार. आकडे सगळ्यांत शेवटी. काय असावं याबरोबर काय नसावं तेही लिहा: लवंगेचा वास नसावा, जळक्या रबराचा नसावा, धुराने हॉप्स झाकलेले नसावेत. लिख्टेनहाइनरपासून आणि ग्रोजिस्किएपासून ती कुठे वेगळी पडते ते दोन वाक्यांत स्पष्ट सांगा आणि त्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य करा. तोवर बोर्डावर 'ड्राय हॉप्ड लिख्टेनहाइनर' लिहा आणि खाली बारीक अक्षरात 'धुरकट, आंबट, हलकी'. पहिला शब्द कुणाला कळणार नाही, खालची ओळ सगळ्यांना कळेल. लोक तिला आपसात काय म्हणतात याकडे मात्र कान ठेवा. तुमचं खरं नाव बहुधा तिथूनच येईल.

वर्णन तयार झालं की ते अशा एका ब्रुअरला द्या ज्याने तुमची बिअर चाखलेली नाही. कृती देऊ नका, फोनवर मदत करू नका, यीस्ट पाठवू नका. त्याची बिअर आली की तीच चाखणी पुन्हा करा. त्याचा ग्लास तुमच्या चारांत मिसळून गेला तर दोन्ही संस्थांना लिहा, सोबत दोन्ही चाखण्यांचे कागद जोडा. वेगळा पडला तर वर्णनातल्या कुठल्या ओळीने त्याला तिकडे नेलं, हे त्याच्याशेजारी बसून, दोन्ही ग्लास समोर ठेवून विचारून घ्या.